अकरा फोन आणि एक अंतर्यामी

हॉलमध्ये खुर्च्या होत्या दीडशे आणि माणसं आली होती अडीचशे. उरलेली भिंतीला टेकून, एकमेकांच्या पायांवर पाय देत उभी होती आणि तरीही कुणाची कुरकुर नव्हती. खाली फर्निचरचं दुकान, वर हा हॉल. दर बुधवारी संध्याकाळी सहा वाजता इथे अंतर्यामी बोलत. आत शिरताना दारातच फोन बंद करावा लागे. चालू फोनमुळे म्हणे त्यांची कंपनं बिघडत.

"श्वास आत घ्या," अंतर्यामी म्हणाले. पांढरा सूट, पांढरे बूट आणि बसायला गोल फिरणारी खुर्ची. "तुम्ही चालता आणि विसरता. हवा विसरत नाही! तुमचं प्रत्येक पाऊल हवेत लहरी सोडतं. त्या लहरी इथे, माझ्या कपाळावर येऊन आदळतात. मी नको म्हटलं तरी आदळतात!"

एवढा त्रास होत असेल तर माणसाने टोपी घालावी, असं तिसऱ्या रांगेतल्या थोरलीच्या मनात आलं. तिने ते मनातच ठेवलं, कारण शेजारी धाकटी हात जोडून बसली होती आणि धाकटीच्या डोळ्यांत पाणी होतं.

या दोघी बहिणी. गावाबाहेरच्या धुलाईच्या कारखान्यात दोघी कामाला. तीन इस्पितळांच्या आणि एका हॉटेलच्या चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे डगले, सगळं तिथे धुतलं जाई. थोरली मोठ्या रोलरच्या इस्त्रीवर होती आणि धाकटी बॉयलरवर.

अंतर्यामींनी खुर्चीची एक गिरकी घेतली आणि बोट रोखलं. "निळा शर्ट. उभा राहा."

कारखान्यातला नळवाला उभा राहिला. वाफेची गळती शोधण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण आता त्याचाच चेहरा पांढराफटक पडला होता.

"परवा दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी तू कुठे होतास?"

"घरी. पोट दुखत होतं."

"खोटं! तुझी पावलं मला पिवळ्या इमारतीत दिसतायत. चाळीस मिनिटं होतास तिथे. चाळीस!"

हॉलभर लोकांनी तोंडात बोटं घातली. नळवाला मान खाली घालून बसला, म्हणजे ते खरंच होतं. पिवळ्या इमारतीत बॉयलर निरीक्षकाचं कार्यालय होतं, हे कारखान्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

"खाल्ल्या मिठाला जागा, बाळांनो," अंतर्यामी हळुवारपणे म्हणाले. पहिल्या रांगेत कारखान्याचे मालक डोळे मिटून बसले होते. त्यांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी नळवाल्याला कामावरून काढलं.

थोरलीला ही गोष्ट राहून राहून खटकत होती. मिनिटाचा हिशेब सांगणाऱ्या या माणसाला, नळवाला तिथे काय बोलला हे मात्र दिसलं नव्हतं. कोण कुठे गेलं आणि किती वेळ थांबलं, एवढंच त्याला दिसे. तेही कुणाचं? कोण दुसरीकडे काम शोधायला गेलं, कोण आजारपणाची रजा टाकून मामाकडे गेलं. कुणाची हरवलेली किल्ली त्याने आजवर शोधून दिली नव्हती. अंतर्ज्ञानाला मालकाच्या सोयीचंच तेवढं कसं दिसतं?

"तुला सगळ्यातच काळंबेरं दिसतं, ताई," धाकटी म्हणाली. दोघी बॉयलरच्या खोलीत डबा खात होत्या. "एवढ्या माणसांना कळत नाही आणि तुलाच तेवढं कळतं?"

"एवढ्या माणसांनी विचारलंय कुठे? ते बघ." थोरलीने वर बोट केलं. बॉयलरच्या डोक्यावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह जाड तारेने आवळून बांधला होता. आतला दाब जास्त झाला की त्यातून वाफ सुटावी, म्हणून तो असतो. पण सुटलेली वाफ म्हणजे वाया गेलेलं इंधन, म्हणून मालकांनी तो बांधायला लावला होता. दाबाचा काटा लाल रेघेच्या पुढे जाऊन थरथरत होता. "हे ज्या दिवशी फुटेल त्या दिवशी याच्यापुढे कोण असेल? तूच ना?"

"मला भीती वाटत नाही का गं?" धाकटीचा आवाज चिरकला. "रोज वाटते. पण सांगायला गेलं की अंतर्यामींना कळतं. नळवाल्याचं झालं ते पाहिलंस ना? आणि ते म्हणालेत, जागा सोडू नकोस, तुझं रक्षण होईल."

थोरलीने डबा बंद केला. लहानपणापासून हिला पाठीशी घालण्यात तिचा जन्म गेला होता, आणि आता ही त्या लोखंडी पिंपाच्या पुढ्यात दिवसाचे नऊ तास बसत होती. तारेवर मालकाचा हुकूम होता आणि तक्रारीवर अंतर्यामींची नजर.

मग सोमवारी एक घोटाळा झाला. असा घोटाळा धुलाईच्या कारखान्यातच होऊ शकतो.

यंत्रांजवळ फोन न्यायला बंदी होती. म्हणून बायका आपला फोन कोरड्या डगल्याच्या खिशात ठेवून डगला खुंटीला अडकवत आणि कामाचा, रोज भिजणारा दुसरा डगला घालून कामाला लागत. कामगारांचे डगले निळे आणि मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांचेही निळेच. सोमवारी दुपारी, धुतलेल्या कपड्यांचे गठ्ठे बांधणाऱ्या, बांधणीवरच्या बाईने घाईघाईत खुंट्यांवरचे दोन डगले उचलले आणि घडी घालून इस्पितळाच्या पोत्यात कोंबले. त्यातल्या एकाच्या खिशातला थोरलीचा फोन पोत्यात बसून, गाडीत चढून इस्पितळाच्या कपड्यांच्या कोठारात पोचला. मंगळवारी सकाळी गाडीचे ड्रायव्हरमामा तो घेऊन परत आले.

"घे बाई तुझा पाहुणा," ते म्हणाले. "मुक्काम करून आलाय. कोठाराला लागून शवागार आहे, तेव्हा शेजारी शांत होते."

बुधवारी हॉलमध्ये अंतर्यामींनी खुर्ची फिरवली, ती थेट थोरलीसमोर येऊन थांबली.

"बाई, उभ्या राहा. सोमवारी दुपारी तीनपासून मंगळवारी सकाळी आठपर्यंत तुम्ही कुठे होता?"

थोरलीच्या डोक्यात काही पेटायच्या आतच ते गरजले, "मोठ्या इस्पितळाच्या मागच्या अंगाला! शवागाराच्या भिंतीशी! सतरा तास! कोणती साधना करत होता प्रेतांपाशी?"

मागच्या रांगेतली एक बाई किंचाळली. शेजारची दोन माणसं खुर्च्यांसकट बाजूला सरकली. धाकटी तर उठूनच उभी राहिली. "अहो, पण ताई तर घरी..." एवढंच ती बोलली आणि थोरलीने तिच्या दंडाला असा चिमटा काढला की पुढचे शब्द घशातच राहिले.

"बरोबर सांगितलंत," थोरली हात जोडून म्हणाली. "तुमच्यापासून काय लपणार?"

अंतर्यामी प्रसन्न हसले. इतकी गुणी शिकार त्यांना क्वचितच मिळत असावी.

रस्त्यावर येताच धाकटी उसळली. "तू हो कशाला म्हणालीस? सोमवारी तू माझ्या शेजारी होतीस! घोरत होतीस! मला झोप नाही लागली तुझ्यामुळे!"

"मग अंतर्यामींना कोण दिसलं?"

चार पावलं चालून धाकटी थांबली. "तुझा फोन," ती हळूच म्हणाली. "तिथे तुझा फोन होता."

"हं. त्यांच्या कपाळावर माझी पावलं आदळत नाहीत. माझा फोन आदळतो. बिचाऱ्याला पायसुद्धा नाहीत."

त्या दोघी तशाच रेडिओकाकूंच्या दुकानात गेल्या. काकू पूर्वी रेडिओ दुरुस्त करायच्या, आता मोबाईल करतात. नाव जुनंच चिकटून राहिलं होतं. काउंटरवर स्क्रू, बॅटऱ्या आणि अर्धवट उघडलेले फोन पसरलेले असत, आणि काकूंच्या कपाळावर भिंग बांधलेलं असे. थोरलीने सगळं सांगितलं. काकूंनी फोन उघडून चार बोटं फिरवली आणि भिंग वर केलं.

"हे 'अंतर्वाणी' काय आहे?"

"अंतर्यामींचं ॲप," धाकटी म्हणाली. "रोज सकाळी सुविचार येतो. मालकांनीच सगळ्यांना टाकून घ्यायला सांगितलं. नाव आणि विभाग भरायचा."

"आणि टाकताना त्याने विचारलं असेल, तुमचं ठिकाण कळू द्यायचं का? तुम्ही काय दाबलंत?"

दोघी बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं. जे पुढे येईल त्याला 'हो' दाबायचं, ही कारखान्यातली रीतच होती. नाहीतर पुढे जाता येत नाही, असा सगळ्यांचा समज होता.

"हे बघा." काकूंनी पडदा त्यांच्यापुढे धरला. ठिकाण या शब्दापुढे 'नेहमी' असं लिहिलं होतं. "सुविचार पाठवायला तुम्ही कुठे आहात हे कशाला कळायला हवं? सुविचार काय गल्ली बघून बदलतो? दर पाच मिनिटांनी हा फोन आभाळातल्या उपग्रहांवरून आपली जागा काढतो आणि चुगली करतो. शेळीच्या गळ्यातली घंटा आहे ही. वाजते ती आपल्याला ऐकू येत नाही, एवढंच."

धाकटीचा चेहरा उतरला. खरं सांगायचं तर तिला राग येण्याआधी रडूच आलं. दोन वर्षं रोज सकाळी तिने त्या सुविचाराला नमस्कार केला होता.

"काढून टाका ते," ती म्हणाली.

"काढू. पण आज नको, त्यांना संशय येईल. आणि ते काढलं तरी फोन टॉवरशी बोलतच राहतो. कोणता फोन कोणत्या टॉवरपाशी आहे, हे कंपनीला कळतंच. त्याशिवाय गाणं येणार कसं आणि मावशीचा फोन लागणार कसा? म्हणून जिथे गेलेलं कळू द्यायचं नाही तिथे फोन न्यायचाच नाही. हा झाला पायांचा बंदोबस्त."

"मला पाय हलवायचेच नाहीत," थोरली म्हणाली. "नळवाला जाऊन आला, तरी कुणी फिरकलं नाही. मला निरीक्षकाला एक फोटो पाठवायचाय. पण कारखान्यातून पाठवला तर तिथलं इंटरनेट मालकांचं. घरून पाठवला तरी कुठून आला ते निघतंच. आणि त्या कार्यालयातूनच माझं नाव बाहेर फुटलं तर? माझंही नळवाल्यासारखंच होईल."

काकूंनी खालच्या फळीवरून तीन कापडी पिशव्या काढल्या. एक कागद लहान पिशवीत घातला, ती मधल्या पिशवीत, ती मोठ्या पिशवीत.

"समज, प्रत्येक पिशवीवर फक्त पुढच्या मुक्कामाचा पत्ता आहे. पहिला माणूस मोठी पिशवी उघडतो. त्याला कळतं की ही तुझ्याकडून आली, पण शेवटी कुठे जाणार ते कळत नाही. मधल्याला यातलं काहीच कळत नाही. तिसऱ्याला कळतं कुठे पोचवायची, पण कुणाची ते कळत नाही. असं एक जाळं आहे इंटरनेटवर. जगभरातले लोक आपापले संगणक त्या कामाला लावून देतात, आणि निरोप असा हातोहात जातो. निरीक्षकाच्या संकेतस्थळावर तक्रारीचा रकाना आहे. तिथे तक्रार पोचेल, तू पोचणार नाहीस."

"पण काकू, लपूनछपून तर चोर वागतात," थोरली म्हणाली.

"आंघोळीला जाताना दार लावतेस ना? काय चोरतेस आत?" काकू फटकन म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "चोरही वापरतात, नाही असं नाही. चोर रस्ताही वापरतात. पण तुझ्यासारखीला दुसरा कोणता रस्ता आहे, ते मला सांग. आणि हे फक्त चोरांनीच वापरलं, तर जो वापरेल तो चोर ठरेल. साध्या माणसांनीही वापरलं पाहिजे. गाडीत एकच पोतं असलं तर ते कुणाचं हे लगेच कळतं. हजार असली तर शोधत बसा."

हे थोरलीला एका दमात पटलं. पोत्यांचं तिला कुणी शिकवायला नको होतं.

गुरुवारी धाकटीने काकूंचा जुना, सिमकार्ड नसलेला फोन नेला आणि बांधलेल्या व्हॉल्व्हचे आणि लाल रेघेपुढच्या काट्याचे तीन फोटो काढले. घाईत एक हललेला आला. फोटोच्या पोटातही ठिकाण आणि फोनची माहिती लपलेली असते, ती काकूंनी आधी पुसून टाकली. मग त्यांच्या संगणकावरून, त्या जाळ्यातून, तक्रार गेली. खाली नाव नव्हतं. थोरलीने फक्त एक ओळ जास्तीची लिहायला सांगितली होती: 'बॉयलरपुढे एक माणूस बसतं.'

आता अंतर्यामींचा समाचार घ्यायचा राहिला होता.

पुढच्या बुधवारी हॉटेलची मोठी खेप होती, म्हणून मालक दुपारभर स्वतः इस्त्रीच्या टेबलांपाशी उभे राहिले. "हात चालवा, हात चालवा," करत त्यांनी इस्त्रीवरच्या अकराच्या अकरा बायकांना पाणी प्यायलाही सोडलं नाही. त्याच वेळी, थोरलीशी आधीच ठरल्याप्रमाणे, त्या अकरा जणींचे अकरा फोन एका उशीच्या अभ्र्यात बसून ड्रायव्हरमामांच्या गाडीतून फिरायला गेले होते. मामांनी गाडी पिवळ्या इमारतीच्या आवारात लावली, पंचेचाळीस मिनिटं वर्तमानपत्र वाचलं आणि सुटी व्हायच्या आत फोन परत आणून दिले.

संध्याकाळी अंतर्यामी नेहमीपेक्षा गंभीर होते. मालक घाईत, शेवटच्या मिनिटाला येऊन पहिल्या रांगेत बसले.

"आज माझं कपाळ जळतंय," अंतर्यामी म्हणाले. "एक नाही, दोन नाही, अकरा स्त्रिया! आज दुपारी दोन वाजता, पिवळ्या इमारतीत! पाऊण तास! इस्त्री विभागातल्या बायकांनो, उभ्या राहा!"

अकरा बायका उभ्या राहिल्या.

"मान्य आहे?" अंतर्यामींनी विचारलं.

"आम्ही काय सांगणार?" थोरली म्हणाली. "मालक बसलेत समोर. त्यांनाच विचारा ना, आज दुपारी दोन वाजता आम्ही कुठे होतो."

दुपारभर मालक यांच्या डोक्यावर उभे होते, आणि ते पन्नास जणांनी पाहिलं होतं.

"मालक, बोला की!" मागून कुणीतरी ओरडलं. "तुम्हीच तर पाणी पिऊ दिलं नाहीत!"

"लहरी कधीकधी... वाऱ्याने..." अंतर्यामी चाचरले.

"वाऱ्याने नाही, माझ्या गाडीने," ड्रायव्हरमामा दारातून म्हणाले. त्यांनी तो अभ्रा वर धरून दाखवला. "या बाया जागच्या हलल्या नाहीत. यांचे फोन फिरायला नेले होते मी. तुम्हाला दिसले ते फोन, महाराज!"

तोवर रेडिओकाकू खुर्चीमागच्या पडद्यापाशी पोचल्या होत्या. त्यांनी पडदा सर्रकन ओढला. मागे एक चष्मेवाला तरुण कानात बोलायचं यंत्र घालून बसला होता, आणि त्याच्यासमोर संगणकाच्या मोठ्या पडद्यावर गावाचा नकाशा होता. कारखान्यापासून पिवळ्या इमारतीपर्यंत अकरा रेघा एकाच रस्त्याने, एकमेकींवर चढून गेल्या होत्या. प्रत्येक रेघेपुढे नाव होतं आणि नावापुढे कारखान्यातला विभाग. अंतर्यामींनी घाबरून कानाला हात लावला तेव्हा त्यातून तसलंच छोटं यंत्र खाली पडलं.

काकूंनी तिथल्या तिथे सगळं समजावून सांगितलं, ॲप, ठिकाण, 'नेहमी'. लोक आपापले फोन चालू करून बघू लागले आणि प्रत्येक फोनवर तोच शब्द निघाला. एक म्हातारे गृहस्थ मात्र हटून बसले. "पण इतकं अचूक सांगायचे ना ते," ते म्हणत राहिले.

"आजोबा, अचूक होतं म्हणूनच तर संशय घ्यायचा," थोरली म्हणाली. तिचा आवाज चढला होता, आणि तिला तो उतरवायचाही नव्हता. "तुम्ही कुठे होतात हे सांगणं हा चमत्कार नाही. तुमच्यावर कुणीतरी नजर ठेवली होती, एवढाच त्याचा अर्थ. असल्या माणसापुढे हात जोडू नका. त्याला विचारा, तुला कसं कळलं? खरं असेल तर तो सांगेल. सांगत नसेल, तर समजून जा."

अंतर्यामी मागच्या जिन्याने गेले. फिरती खुर्ची तेवढी बराच वेळ फिरत राहिली.

शुक्रवारी सकाळी बॉयलर निरीक्षक आला. सोबत दोन माणसं आणि पक्कड. त्याने आग विझवायला लावली, तार कापली, काटा बघून नुसती मान हलवली आणि बॉयलरला सील ठोकलं. "आणखी आठवडाभर चालला असता तर ही भिंत राहिली नसती," तो म्हणाला. ज्या स्टुलावर धाकटी बसायची ते स्टूल त्या भिंतीला टेकलेलं होतं. थोरलीने ते उचलून खोलीबाहेर नेऊन ठेवलं.

निरीक्षक गेल्यावर मालकांनी सगळ्यांना अंगणात उभं केलं. त्यांचे कान लाल झाले होते. एकेकीच्या तोंडाकडे बघत ते धाकटीसमोर येऊन थांबले. सगळ्यांत भित्री कोण, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"तूच केलीस ना तक्रार? खोटं बोलू नकोस. मला सगळं कळलंय."

धाकटीने थोरलीकडे पाहिलं नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत तिने विचारलं, "कसं कळलं?"

मग बांधणीवरची बाई म्हणाली, "हो, सांगा ना, कसं कळलं?" तिच्या मागून आणखी कुणीतरी तेच विचारलं, मग आणखी कुणीतरी. मालक पाठ फिरवून ऑफिसात निघून गेले.